डब्यातून आलेला निवाडा

कुंडीपाडा, मोलगी
२ जून २०२४

नवनीत भो,

पत्र बघून दचकू नकोस, मी मेलेलो नाही. मेलो असतो तर तुझ्या वकीलसाहेबांच्या जास्त कामाचा झालो असतो म्हणे. मेलेल्याची भरपाई मोठी असते. पण तेवढं आपल्याला जमलं नाही, नुसता पाय मोडला.

फोन का केला नाही म्हणशील. फोन जीपच्या चाकाखाली गेला. नवा घेतला तरी पाड्यावर रेंज नाही. टॉवर उभा केलाय, त्यावर घारी बसतात. म्हणून अक्कलकुव्याच्या वसतिगृहात गुरुजींनी शिकवलं तसं, कोपऱ्यात तारीख टाकून लिहितोय.

झालं असं. नऊ फेब्रुवारीला मोलगीचा बाजार करून मोटारसायकलवर घरी येत होतो. घाटाच्या वळणावर समोरून जीप आली, ती आपली बाजू सोडून माझ्या बाजूने. मी दरीत न जाता दगडावर गेलो, म्हणून सगळे मला नशीबवान म्हणतात. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. नंदुरबारला सिव्हिलमध्ये रॉड टाकला. आता पाय झकास आहे, फक्त जोडीदारापेक्षा दीड इंच लहान आहे. डॉक्टर म्हणाले, चालता येईल. येतं की! पण माझं काम चालायचं नव्हतं, विजेच्या खांबावर चढायचं होतं. वायरमन लंगडा झाला की ठेकेदाराला त्याचं नावच आठवेनासं होतं. आठ वर्षांची ओळख आठ दिवसांत पुसली बघ.

नानीबाई पायाबद्दल काही बोलत नाही. बायकोचं न बोलणं काय असतं ते तुला मी सांगायला नको. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातेत जातात. मुकादम पावसाळ्यातच उचल वाटायला लागतो. आमच्या घरातून आजवर कुणी ऊस तोडायला गेलं नाही, कारण माझा पगार होता. यंदा ती एकटी जाते म्हणते, पोरीला पाठीशी बांधून. मी घरी बसून कोंबड्या राखायच्या.

मोलगीत पिठाची गिरणी टाकली तर बसून करायचं काम होईल. त्याला पैसा लागतो. अपघाताची भरपाई मिळते असं ऐकलंय. तू दहा वर्षं नंदुरबारला वकिलाचा कारकून आहेस, आणि एकदा माझ्या गणिताच्या वहीवर पास झाला आहेस. तेव्हा सांग, काय करायचं?

तुझा
वाहरू

—

नंदुरबार
१० जून २०२४

वाहरू,

येडा शे का तू? चार महिने झाले आणि आज कळवतोस? सिव्हिलपासून आमचं ऑफिस दहा मिनिटांवर. मी रोज तुझ्या खिडकीखालून गेलो असेन. पत्र वाचून मन्हं मन खट्टू झालं. दुपारचा डबा तसाच प्रकाशाला घरी परत नेला, तर बायको म्हणे भाजी बिघडली का. खरं सांगतो, रडू आलं. मग साहेबांना पत्र दाखवलं. भूपेंद्र वकीलसाहेब म्हणाले, "दीड इंच? वा, दावा मजबूत आहे." त्यांच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, ते सगळ्यांनाच असं बोलतात.

आता कामाचं. पोलिसांतली फिर्याद, जागेचा पंचनामा, सिव्हिलचे कागद, अपंगत्वाचा दाखला, पगाराचा पुरावा. ही यादी बघून मला जाणवलं की चार पानांच्या पत्रात तू घारींबद्दल लिहिलंस, पण जीपचा नंबर नाही, ड्रायव्हरचं नाव नाही, फिर्यादीचा उल्लेख नाही. जीप काय आभाळातून पडली होती? आणि हेल्मेट होतं का? खरं सांग, कोर्टात काय सांगायचं ते मागून बघू.

मुदत सहा महिन्यांची. म्हणजे नऊ ऑगस्ट. त्या दिवशी आदिवासी दिवस, तू मिरवणुकीत ढोल वाजवायला जाऊ नकोस.

तुझं पत्र घेऊन आलेला मिशीवाला जीपवाला फार भला माणूस. तुझ्या पायाबद्दल बोलताना त्याचा आवाज बसला. मी त्याला चहा पाजला, वर क्रीमरोल. दर सोमवारी माल न्यायला येतो म्हणाला, तोच उत्तर नेतोय.

नवनीत

—

कुंडीपाडा
२३ जून २०२४

नवनीत भो,

हेल्मेट होतं. घरी होतं, खुंटीला. त्याला ओरखडाही आला नाही.

आता ड्रायव्हर. मिशीवाला, भला, आवाज बसणारा. त्याचं नाव करमसिंग. जीप त्याचीच, तोच चालवतो, आणि त्यानेच मला उडवलं. तो नानीबाईचा सख्खा मामा. उडवल्यावर त्यानेच मला जीपमध्ये घातलं, आत बसलेल्या चौदा जणांना घाटात उतरवून दिलं, आणि नंदुरबारपर्यंत रडत रडत गाडी हाकली. मी शुद्धीवर होतो, मीच त्याला सांगत होतो की मामा, समोर बघ. तुझी-माझी पत्रं तोच नेतो, कारण दुसरी गाडीच नाही. चौथीपर्यंत शिकलाय, वाचता येतं. पण दुसऱ्याचं पत्र फोडणं त्याला चोरीहून वाईट वाटतं. तू बिनधास्त लिही.

फिर्याद का नाही ते आता ऐक, आणि हसू नकोस. मी सिव्हिलमध्ये पडलो असताना पाड्यावर पंच बसले. आमच्या पाड्याची रीत अशी की नुकसान करणाऱ्याने बोकड द्यायचा, दारू द्यायची, सगळ्यांनी मिळून खायचं. ज्याचं नुकसान झालं त्याने पहिला घास खाल्ला की निवाडा पक्का. त्यानंतर त्या गोष्टीचा कुणी उच्चार करायचा नाही. केला तर उच्चार करणाऱ्याला दंड. आमच्यात म्हणूनच कोर्टकचेऱ्या कमी आणि बोकडही कमी.

आता मी तर नंदुरबारला. पहिला घास कोण खाणार? आमचे कारभारी सुकरामबाबा, डोकं चालवणारा माणूस. त्यांनी डबा भरून पाठवला. करमसिंग मामा खाटेजवळ बसला, आपल्या हाताने भरवलं. मी आठ दिवस सिव्हिलची पातळ डाळ पीत होतो. मटण बघून डोळ्यांत पाणी आलं माझ्या! म्हटलं, मामाचं मन किती मोठं. हाडसुद्धा चोखलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही दोन फोडी दिल्या, म्हणजे तोही बहुतेक पक्षकार झाला.

दीड महिन्याने घरी आलो तेव्हा कळलं की मी जेवलो नव्हतो, निकाल मान्य केला होता.

वाहरू

—

नंदुरबार
१ जुलै २०२४

वाहरू,

तू मला आरोपीला क्रीमरोल खाऊ घालायला लावलंस. आज पुन्हा आला. मी नजर टाळली तर तोच मला म्हणे, "भाऊ, तब्येत बरी नाही का?" आणि गेल्या सोमवारी यानेच पिशवीतून सीताफळाचं लोणचं काढावं तसं तुझं पत्र अदबीनं काढून दिलं होतं. (सीताफळाचं लोणचं नसतं, मला माहीत शे. मी गोंधळलोय, तेवढं समजून घे.)

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ पंख्याकडे बघितलं. मग विचारलं, "कागद झाला का? सही, अंगठा?" नाही ना? मग मिटलं. बोकड हा पुरावा होत नाही. आजपासून फौजदारी कायद्याची नावंही बदललीत, साहेब नवं पुस्तक घेऊन बसलेत. त्यात मी पाहिलं, बोकडाचं कलम नवीनमध्येही नाही.

मन्हं ऐक. भरपाई करमसिंग देत नाही, त्याच्या जीपची विमा कंपनी देते. कंपनी त्याची मामी नाही न् तुझी मावशी नाही, तिचा पैसा घ्यायला लाज कसली? फक्त एक करावं लागेल. फिर्यादीत लिहावं लागेल की करमसिंगने हयगयीने आणि भरधाव गाडी चालवून तुला धडक दिली. त्याची चूक दिसल्याशिवाय कंपनी दमडी देत नाही. कागदावरची चूक ती, कुणाच्या अंगाला चिकटत नाही. तू त्याला नीट समजाव आणि विम्याचा कागद माग.

आणि पुढच्या वेळी कुणी डबा आणला तर आधी विचार की हा कशाचा शे.

नवनीत

—

कुंडीपाडा
१४ जुलै २०२४

नवनीत भो,

समजावलं. तुझी सगळी वाक्यं वापरली. "कागदावरची चूक" इथपर्यंत पोचलो तेव्हा मामा उठून उभा राहिला. म्हणाला, "चूक मी केली होती. पंचांपुढे हात जोडून कबूल केली. सगळ्यांनी ती खाऊन संपवली. आता संपलेली चूक तू पोलिसाच्या ताटात वाढणार?" मी म्हटलं, मामा, कंपनी पैसे देते. तर म्हणे, "कंपनीला मी कधी धडक दिली?" याला उत्तर असेल तर तुझ्या साहेबांना विचारून कळव.

दुसऱ्याच दिवशी पंच पुन्हा बसले. या वेळी आरोपी मी. गुन्हा, मिटलेली गोष्ट उकरणे. सुकरामबाबा म्हणाले, दंड म्हणून वाहरूने सगळ्या पाड्याला जेवण द्यावं. म्हणजे बघ, माझा पाय मोडला तेव्हा पाडा जेवला, आणि तो दुखतो म्हणालो तर पुन्हा पाडा जेवणार. पाडा बाळसं धरणार आहे माझ्या पायावर.

मी मान खाली घालून बसलो होतो. रीत माझी आहे, मी तिच्यातच वाढलो. तुमच्या तालुक्यात भावाभावांचे बांधाचे खटले वीस-वीस वर्षं चाललेले मी पाहिलेत, म्हणून मला ती आवडते. पण त्या दिवशी राग आला. बोलायचं धाडस मात्र झालं नाही.

बोलली ती नानीबाई. बायकांच्या घोळक्यातून उठली. ती आपल्या बोलीत बोलली, मराठीत तेवढं झोंबत नाही, तरी लिहितो. म्हणाली, "बोकड सगळ्यांनी मिळून खाल्ला. आता ऊसही सगळ्यांनी मिळून तोडायचा का? की तो एकट्या नानीने?"

सुकरामबाबांनी बिडी पेटवली, ती विझली, पुन्हा पेटवली. शेवटी म्हणाले, दंडाचं पुढच्या बैठकीत बघू. ते असं म्हणतात तेव्हा त्यांना सुचलेलं नसतं.

संध्याकाळी मामा आमच्या अंगणात आला. विम्याचा कागद जीपच्या सीटखाली होता, उंदराने एक कोपरा खाल्लाय. तो या पत्रासोबत पाठवतोय. म्हणजे तोच आणतोय.

वाहरू

—

नंदुरबार
२२ जुलै २०२४

प्रिय मित्र वाहरू,

कागद पाहिला. उंदराने खाल्लेला कोपरा बिनकामाचा निघाला, उंदीरही कायदा जाणतो. अपघाताच्या दिवशी विमा चालू होता. सगळं उत्तम आहे. तू फक्त फिर्याद दे आणि नऊ ऑगस्टच्या आत येऊन सह्या कर. साहेब फी आधी घेणार नाहीत, भरपाई आली की त्यातून बघू. काळजी करू नकोस. घरी सर्वांना नमस्कार.

तुझा मित्र
नवनीत

ता. क. करमसिंगला लायसन्सबिसन्सचं काही विचारू नकोस. उगाच कशाला.

—

कुंडीपाडा
२८ जुलै २०२४

नवनीत,

"प्रिय मित्र"? सहा वर्षं एका ताटात जेवलो, तू मला कधी प्रिय म्हणाला नाहीस. ते वाचूनच मला घाम फुटला. मग ता. क. वाचला आणि पहिलं काम काय केलं असेल? मामाला लायसन्सचं विचारलं.

त्याने मोठ्या अभिमानाने काढून दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत, तिच्यावर दुसरी पिशवी. मुदत २०१९ ला संपलेली. मी म्हटलं, मामा, हे मेलंय. तर म्हणे, "फोटो तर माझाच आहे."

मोलगीच्या बाजारात टेम्पोवाल्यांना विचारलं, त्यांनी एका दमात सांगितलं. लायसन्स नसेल तर कंपनी आधी मला देणार आणि मग ते सगळे पैसे गाडीमालकाकडून वसूल करणार. म्हणजे मामाची जीप जाणार. तुला हे माहीत होतं. तू मला सांगितलं नाहीस. ठेकेदाराने काढलं तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं.

मी मामाला खरं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "टाक दावा. जीप गेली तर जाऊ दे, तुझा पाय माझ्या हातून गेला." मी म्हटलं, अजिबात नाही. ती जीप गेली तर पाड्यावरची बाळंतीण खाली कोण नेणार? तो म्हणे टाक, मी म्हणे नाही. दोघांचे डोळे भरून आले. नानीबाई भाकरी थापत होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोघं किती मोठ्या मनाचे! उसाच्या फडात सांगेन मी सगळ्यांना."

मुकादम येऊन गेला. तिने त्याला दहा तारखेपर्यंत थांब म्हणून सांगितलंय. पण माझं ठरलं. दावा नको.

वाहरू

—

नंदुरबार
२९ जुलै २०२४

वाहरू,

हे उत्तर लगेच लिहितोय. करमसिंग समोर बसलाय, चहाला नको म्हणाला. उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणतो.

हो, मला माहीत होतं. साहेब म्हणाले, आताच सांगू नको, पक्षकार बिचकतो. आणि आणखी एक. भरपाईतून साहेब चौथा हिस्सा घेतात आणि आणलेल्या पक्षकारामागे मला काहीतरी मिळतं. मी खरं सांगी ऱ्हायनू, पहिलं पत्र वाचून मला रडू आलं ते खरं होतं आणि तू नवीन पक्षकार आहेस हेही माझ्या लगेच डोक्यात आलं होतं. मला माझीच शरम वाटते. माझा वाटा मी घेणार नाही. साहेबांचं माझ्या हातात नाही.

पण आता शिव्या देऊन झाल्या असतील तर ऐक. जीप वाचवायला तू पाय सोडतोस. ठीक, पाय तुझा आहे. नानीबाईंचं आयुष्य कुणाच्या हिशेबात घालतोस? त्यांना तू विचारलंस का? तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही.

नऊ तारखेला सकाळी मी ऑफिसात आहे. आलास तर बरं.

नवनीत

—

कुंडीपाडा
८ ऑगस्ट २०२४

नवनीत भो,

उद्या मीच येतोय, तरी लिहितोय. हे सगळं तुझ्या साहेबांसमोर बोलता यायचं नाही, आणि तोंडाने सांगायला गेलो तर मध्येच थांबेन. पत्र तुझ्या हातात देईन आणि बाहेर जाऊन बसेन.

तुझ्या पत्राचा शेवट मी दोनदा वाचला. विचारलं नव्हतं. मग विचारायचं ठरवलं आणि आठ दिवस विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. काल सकाळी उठलो तर पोर शेजारच्या काकीकडे आणि नानीबाई घरात नाही. चालत मोलगीला निघाली होती. पोलीस ठाण्यात.

पुढचं मामाने सांगितलं. अर्ध्या वाटेत ती त्याला दिसली. त्याने जीप थांबवली, बस म्हणाला. ती म्हणाली, "तुझ्यावर फिर्याद द्यायला चाललेय, तुझ्याच गाडीत कशी बसू?" तर हा शहाणा तिच्या मागे मागे पहिल्या गिअरमध्ये. सहा किलोमीटर! आतले लोक बोंबा मारतायत, बाजार उठेल, औषधाचं दुकान बंद होईल. मामा म्हणे, भाची चालतेय तर मी पुढे कसा जाऊ? ज्याला घाई असेल त्याने उतरून तिच्याबरोबर चालावं. तिघी बायका उतरल्या आणि खरंच चालल्या.

ठाण्यात हवालदाराने विचारलं, फिर्याद कुणाविरुद्ध? तिने शेजारी बोट दाखवलं. मामा म्हणाला, "हो, मीच." हवालदाराला वाटलं आपली चेष्टा चाललीय. मग विचारलं, सहा महिने उशीर का? ती म्हणाली, पंच बसले होते. त्याने लिहिलं, उपचारात व्यस्त असल्याने. मग म्हणाला, "बाई, या माणसाबद्दल तुझी तक्रार काय?" ती म्हणाली, "मामाबद्दल माझी काही तक्रार नाही. नवऱ्याचा पाय मामानेच मोडला." हवालदार वैतागला, म्हणाला, दोन्हींपैकी एक काहीतरी सांग. ती म्हणाली, "दोन्ही लिहा, दोन्ही खरंय." त्याने एकच लिहिलं. नक्कल सोबत आहे, "हयगयीने व भरधाव". मामाने चौथीपर्यंतचं शिक्षण पणाला लावून ती वाचली आणि बरोबर आहे म्हणाला.

मी तिच्यावर ओरडलो. जीप जाईल, म्हटलं. ती म्हणाली, "गेली तर मामा आणि तू मिळून गिरणी चालवा. त्याच्याकडे दोन पाय आहेत, तुझ्याकडे चालू लायसन्स आहे." तुला हसू येईल, मला आलं नाही. मग सुकरामबाबांकडे जाऊन तीच सांगून आली की दंडाचं जेवण मी देईन, पण उसावरून आल्यावर.

हो, उसावरून. मीही चमकलो. मी म्हटलं, फिर्याद दिलीस तर मग ऊस कशाला? ती म्हणाली, "कोर्ट दिवाळीपर्यंत पैसे देईल का?" तुझ्या धंद्याचं तिला तुझ्या साहेबांपेक्षा जास्त कळतं. ठाण्यातून निघाली ती थेट मुकादमाकडे गेली. उचल घेतली. ती सगळी मोलगीत जुन्या गिरणीचा बयाणा म्हणून देऊन टाकली आणि मग मामाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून घरी आली. दिवाळीनंतर ती पोरीला घेऊन जाईल, मी दळत बसेन. तुमचा निकाल लागेल तेव्हा लागेल.

नवनीत, मला फार लाज वाटते रे. मोडला माझा पाय, आणि खांबावर ती चढली.

उद्याच्या दाव्यात अर्जदार म्हणून माझं नाव असेल, ते राहू दे. पण नुकसान कुणाचं झालं, त्या जागी तिचं नाव घालता येतं का, तेवढं साहेबांना विचार. मी बाहेर पायरीवर बसलोय, वाचून झालं की हाक मार.

वाहरू